‘चार यूट्यूब व्हिडिओ पाहून…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. खाली लिहायला बसलो तर उत्तर फार लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय.

‘सेकिरो’सारख्या सामुराईंच्या व्हिडिओ गेममध्ये धारेवर धार आपटून वार अडवतात, खरा सामुराई असं कधीच करत नसे, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, ‘कधीच’ कशावरून? जुन्या पात्यांवर घावांच्या खुणा आहेत. १२७४ साली, मंगोलांनी जपानवर स्वारी केली तेव्हा, कटाना (कमरपट्ट्यात खोचायची जपानी तलवार) नव्हती. आणि शेवटी टोला : ‘चार यूट्यूब व्हिडिओ पाहून हल्ली कुणीही तलवारबाजीवर लिहितं.’

आधी चूक कबूल करतो, उगाच हट्टी म्हणायला नको. मंगोल स्वारीच्या वेळी सामुराई ताची ही जुन्या घडणीची तलवार वापरत, धार खाली करून कमरेला लटकवत. त्या स्वारीवरच्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या गेममधली कटाना त्यानंतरच्या काळातली. मी सरसकट कटाना लिहून गेलो. दुरुस्त केलंय. झालं समाधान?

आता यूट्यूब. जपानमध्ये नागोयात नोकरीला होतो तेव्हा पावणेतीन वर्षं, आठवड्यातून दोनदा, मी केंदो, म्हणजे जपानी तलवारबाजी, शिकलो. शिनाई म्हणजे बांबूच्या चार पट्ट्यांची तलवार. तिला धार नसतेच, म्हणून एका बाजूने दोरी ताणून बांधलेली असते. दोरी ती पाठ, तिच्या समोरची बाजू धार. आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, सत्तरीचे. माझी धार भलतीकडे वळली की ओरडायचे नाहीत, नुसतं माझ्या दोरीकडे बोट दाखवायचे. सुरिआगे हा डाव शिकवताना तर रोज. त्यात समोरून येणारा वार आपल्या पात्याच्या अंगावर, म्हणजे चपट्या बाजूवर, घासत बाजूला सारायचा आणि त्याच झोकात त्याच्या डोक्यावर वार करायचा. माझं मनगट शेकडो वेळा चुकलं. अजून पावसाळ्यात ठणकतं. असा ठणका देणारा व्हिडिओ तुम्हाला सापडला तर लिंक जरूर पाठवा.

हे सगळं कशासाठी, तर पात्यासाठी. घडवताना, तापवून पाणी देण्याआधी, कटानाच्या पाठीवर मातीचा जाड लेप देतात, धारेवर पातळ. त्यामुळे धार कडक होते, पाठ मऊ राहते. कडक धारेवर वार झेलला की टवका उडतो, म्हणून तो पात्याच्या चपट्या बाजूवर घेऊन वळवायचा. पात्याच्या अंगावर जी उभी कड असते ती शिनोगी. अटीतटीच्या झुंजीला जपानीत ‘शिनोगी ओ केझुरु’ म्हणतात, म्हणजे ती कड तासली जाईपर्यंत लढणं. धार तासली जाईपर्यंत नव्हे! भाषा उगाच असं बोलत नाही. (गेममध्ये बटण वेळेवर दाबलं की ठिणग्या उडतात आणि समोरच्याचा तोल ढळत जातो. मजा येते, मीही तासन्‌तास खेळलोय.)

राहिल्या तुमच्या खुणा. असतात हो. किरिकोमी म्हणतात त्यांना, एवढं मलाही ठाऊक आहे. ऐन धुमश्चक्रीत माणूस हाती येईल ते करतो, त्याला तंत्र म्हणत नाहीत. ‘कधीच’ हा शब्द जोर देण्यासाठी होता. ‘तू कधीच वेळेवर येत नाहीस’ म्हटल्यावर आपण हजेरीपट काढून बसत नाही.

आणि ‘अभ्यास वाढवा’ हा सल्ला टोपणनावाआडून द्यायला सोपा असतो. पुण्यात आलात तर कळवा. माळ्यावर दोन शिनाई पडून आहेत. चिलखत मात्र एकच आहे, ते तुम्हीच घाला.