लायमन ट्रंबुल आणि आपला व्हीप

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, वर्षभराने राष्ट्रवादी. तेव्हापासून घरचा फोन आला की बोलणं गद्दारीपाशी येतंच. पक्षांतरबंदी आणखी कडक करा, असं बहुतेकांचं म्हणणं. शिकागोत राहून मला उलटंच वाटू लागलं आहे, ते लायमन ट्रंबुल या इलिनॉयच्या वकिलामुळे.

१८४५ मध्ये त्यांनी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात जोसेफ जॅरट या कृष्णवर्णीयाचा खटला लढवून जिंकला, त्याची गुलामी बेकायदा ठरली. मूळचे ते डेमोक्रॅट. नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट देणाऱ्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावरून त्यांचं पक्षाशी बिनसलं. १८५५ मध्ये अब्राहम लिंकननी आपल्या बाजूच्या आमदारांची मतं त्यांच्याकडे वळवल्यामुळे ते सिनेटर झाले आणि पुढे रिपब्लिकन.

१८६६ चा नागरी हक्क कायदा त्यांचाच. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो अडवला, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तरीही मंजूर केला. दोन वर्षांनी त्याच जॉन्सनवर महाभियोग आला, तेव्हा ट्रंबुल यांनी स्वपक्षाविरुद्ध जाऊन ‘दोषी नाही’ असं मत दिलं. आरोप पदावरून काढण्याइतके भक्कम नाहीत, असं त्यांना वाटलं. दोषी म्हणणारे ३५, विरोधात १९; दोनतृतीयांशला एक मत कमी पडलं. पक्ष खवळला, पण त्यांची जागा काढून घेऊ शकला नाही. १८७३ पर्यंत ते सिनेटमध्ये होते.

आपल्याकडे राज्यघटनेच्या १९८५ च्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, व्हीप (पक्षाचा मतदानाचा आदेश) मोडणारा एकटा सदस्य अपात्र ठरू शकतो. दोनतृतीयांश जण विलीनीकरण म्हणून एकगठ्ठा गेले तर वाचतात. जानेवारी २०२४ मध्ये तर विधानसभाध्यक्षांनी शिवसेनेच्या दोन्ही गटांतल्या एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही. मग या कायद्याचा धाक उरला कोणाला? सभागृहात एकट्याने उभं राहणाऱ्याला.

ट्रंबुल चुकलेही. १८७१ मध्ये कू क्लक्स क्लान या गोऱ्या वंशवाद्यांच्या हिंसक संघटनेविरोधी कायद्याला त्यांनी विरोध केला, तो मला अजिबात पटत नाही. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना त्या संरक्षणाची नितांत गरज होती. पण ते मत त्यांच्या नावावर आहे, त्याचा जाब त्यांनाच विचारता येतो. आपल्या आमदाराला विचारलं तर ‘व्हीप होता’ एवढं उत्तर पुरतं.

व्हीप सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरता ठेवा. निवडणूक सुधारणांवरच्या १९९० च्या दिनेश गोस्वामी समितीचा रोखही तोच होता. कर्जमाफी, पाणीवाटप, आरक्षण यांवर माझ्या तालुक्याच्या आमदाराचं स्वतःचं मत काय, ते मला सभागृहाच्या नोंदीत वाचायचं आहे.