बाथरूमचा पैसा फरशीच्या खाली घाला

दिवाळी झाली की बेळगावात घरांची कामं निघतात. यंदा ओळखीत जिथं जावं तिथं एकच बेत ऐकू येतोय: बाथरूम नवीन करायचं, वॉक-इन शॉवर घ्यायचा, काच लावायची आणि त्याला लागूनच कपड्यांचं मोठं कपाट. जरूर करा. पण शोरूमला जायच्या आधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.

वॉक-इन शॉवरची खरी किंमत काचेत नाही, उंबरा नसण्यात आहे. शहापूर, वडगाव, खासबागेतली आपली जुनी घरं लांबट, न्हाणी अगदी मागं, आणि तिला तीन-चार इंचांचा उंबरा ठरलेलाच. माझ्या सासूबाई त्याच उंबऱ्याला अडखळून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्यांचं एकटीनं परसात जाणं थांबलं ते थांबलंच. म्हणून मला ही चैन वाटत नाही. आई-वडिलांसाठी घरात एकच काम करता येणार असेल तर हेच करा.

आता उंबरा काढायचा म्हणजे पाणी आत थांबायला आतली जमीन खाली गेली पाहिजे, आणि खरं काम तिथंच आहे. फुटाला पाव इंच ढाळ धरला तर पाच फुटांना सव्वा इंच होतो. तळमजल्यावर खोदता येतं, पण खोदण्याआधी बाहेरच्या चेंबरची (सांडपाण्याच्या हौदाची) पातळी बघा. आपल्या गल्ल्यांत दर डांबरीकरणाला रस्ता वर चढत गेलाय, गटारही चढलंय. आतली जमीन त्याहून खाली गेली तर मोठ्या पावसात घाण पाणी उलटं न्हाणीत येतं. वरच्या मजल्यावर स्लॅब खाली घेतलेला नसेल तर हट्ट करू नका. अर्धा इंच उतरती कड ठेवा, तेवढ्याला पाय अडत नाही.

मग वॉटरप्रूफिंग. आपल्याकडं जुन्या घरांच्या भिंती सामाईक, कितीतरी ठिकाणी मातीत रचलेल्या. इथलं गळलेलं पाणी शेजाऱ्याच्या देवघरात निघतं आणि चांगला शेजार तुटतो. थर नुसता जमिनीला देऊन चालत नाही. तो भिंतीवर फूटभर वर चढला पाहिजे, आणि शॉवरच्या बाजूला तर डोक्याच्या वरपर्यंत. फरशी बसवण्याआधी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं तोंड, बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायला लावा. गवंडी घाई करेल, तुम्ही करू नका. आडवे धरायचे स्टीलचे दांडे कुठं येणार हेही तेव्हाच ठरवा (जमिनीपासून साधारण अडीच-पावणेतीन फुटांवर), म्हणजे तिथली भिंत पक्की करून घेता येते.

फरशी खरखरीत घ्या. पहिल्या अंघोळीला तेल-उटणं लावून पाच माणसं न्हाली की गुळगुळीत फरशीवर धडधाकट माणूससुद्धा घसरतो.

काच एकच, उभी, न हलणारी पुरे. टफन्ड, आठ किंवा दहा मिलिमीटरची. बोअरचं पाणी असेल तर तिच्यावर पांढरे डाग पडणारच, रोज पुसायची तयारी ठेवा. आणि आपण बादली-तांब्या सोडलेला नाही हे नकाशात दिसू द्या: बादलीला जागा, बसायला स्टूल, खाली एक नळ. परसाकडचं दार बुजवू नका. मयतीहून आलेला माणूस घरातून न जाता थेट न्हाणीत गेला पाहिजे, ही सोय आपल्या थोरल्यांनी विचार करून ठेवलेली आहे.

कपाटाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. मासिकातल्या चित्रासारखं बाथरूमच्या आत किंवा ओल्या भिंतीला चिकटून कपाट आपल्या हवेला चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात कोरड्या खोलीतल्या रेशमी साड्यांनाही बुरशी धरते, खानापूर-जांबोटीकडं तर विचारूच नका. कपाट कोरड्या भिंतीला घ्या, मागं दोन बोटं फट ठेवा, खाली कडप्प्याची चार इंचांची बैठक द्या, दारांना हवेच्या झडपा ठेवा. कपाट आत दोन फूट खोल हवं, नाहीतर हँगर आडवे बसत नाहीत. प्लाय पाण्याला टिकणारा, आयएस ७१० चा शिक्का बघूनच. बाथरूममध्ये टॉवेल आणि साबणापुरतं उघडं फडताळ बास.

शेवटचं, गीझरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) घाला आणि मापं भिंतीवर लिहून घ्या. आपल्याकडं गवंडी मराठी, प्लंबर कन्नड, फरशी बसवणारी पोरं हिंदी बोलणारी. तोंडी सांगितलेला ढाळ तिघांकडून तीन तऱ्हेनं उतरतो. पेन्सिलीची रेघ तिघांना कळते. काम आत्ता धरलंत तर भिंती पूर्ण वाळून वळवाच्या आधी हातावेगळं होईल.