ही वायर कोणाची?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वैतागायचं असेल तर माझ्याबरोबर वैतागा.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं इंटरनेट काल संध्याकाळी गेलं. राउटरवर लाल दिवा. आज दुरुस्तीवाला मुलगा आला, डक्टचं, म्हणजे सगळ्या मजल्यांच्या वायरी वर-खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीचं, दार उघडलं, आणि कारण समोरच लोंबत होतं. पाचव्या मजल्यावर नवी जोडणी द्यायला आलेल्या कुणीतरी जागा करायची म्हणून एक 'मेलेली' वायर कापली होती. ती काकूंची होती. चांगली जिवंत.

कापणाऱ्याला कळणार तरी कसं म्हणा! आतल्या एकाही वायरीवर नाव नाही, नंबर नाही. दोन्ही टोकांना फ्लॅट नंबराची पट्टी गुंडाळायला किती वेळ लागतो हो?

आता दार उघडलंच होतं, म्हणून टॉर्च मारून आत पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं. नेटची फायबर म्हणजे काच, १२५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा धागा. साधी फायबर ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवायची नसते, वाकणं सोसणाऱ्या फायबरलासुद्धा प्रकारानुसार ५ ते १० मिलिमीटरची मर्यादा असते. आमच्याकडे ती काटकोनात दुमडून, टाय मारून करकचून आवळलेली. तांब्याच्या डेटा केबली लिफ्टच्या विजेच्या केबलला गळामिठी मारून वर गेलेल्या, म्हणजे विजेचा खरखराट थेट सिग्नलमध्ये. आणि मग नेट स्लो म्हणून शिव्या राउटरला!

याहून भयंकर म्हणजे वायरी वर न्यायला स्लॅबला पाडलेली भोकं. ती आग रोखणाऱ्या मसाल्याने बुजवायची असतात, नाहीतर आग लागली की डक्टचं धुराडं होतं. वायरीचं साधं पीव्हीसी आवरण जळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू निघतो, आणि तो येणार जिन्यात, जिथून आपण पळणार. कमी धुराच्या, हॅलोजन (क्लोरीनच्या जातीची मूलद्रव्यं) नसलेल्या आवरणाच्या केबली बाजारात आहेत. आमच्या स्लॅबच्या भोकात वर्तमानपत्राचा बोळा आहे.

काकूंचा मुलगा परदेशातून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो. काल लागेना, तर घाबरून त्याने मला फोन केला, "जरा खाली जाऊन आईला बघता का?" ती पक्कड चालवणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार.

बरं, मान्य. त्या पोरांना जोडणीमागे पैसे मिळतात, दिवसाची घरं उरकायची असतात. आजच्या मुलाने तर जिन्याच्या पायरीवर मशीन मांडून घामाघूम होत काच जोडली, आणि जाताना काकूंच्या वायरीला पट्टी लावून नंबर लिहिला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यावर कसला राग काढू?

राग बिल्डरवर आहे. टाइल्स दाखवल्या, नळ दाखवले. टेलिकॉमसाठी वेगळा पाइप, त्यात वायर ओढायला आधीच सोडून ठेवलेली दोरी, हे कुठे होतं? पाइप ४० टक्क्यांच्या वर भरायचा नसतो, पुढच्याला जागा राहावी म्हणून. इथे पाइपच नाही! आणि राग कमिटीवर आहे, जी कुणालाही डक्टची किल्ली देते आणि काम झाल्यावर बघायलाही जात नाही.

रविवारी मीटिंग आहे. विषय काय, तर गच्चीचा रंग. मी डक्टचे फोटो घेऊन येतोय. "चालतंय की" म्हणणाऱ्यांनी आधी आत जाऊन स्वतःची वायर ओळखून दाखवावी.