कुलूप काढायचे पन्नास डॉलर

माझ्या आतेभावाचं साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मोबाईलचं दुकान आहे, दर रविवारी आमचा फोन असतोच, आणि गेल्या रविवारी त्याने एक प्रश्न विचारला ज्याचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. तो म्हणाला, "दादा, तुमच्या कॅनडात तर कंपन्या फोन लॉक करूनच विकायच्या ना, मग इथं हप्ता थकवणाऱ्याचा फोन लॉक केला तर एवढा आरडाओरडा कशाला?" मी काहीतरी पुटपुटलो आणि विषय बदलला, पण आठवडाभर डोक्यात तेच चाललंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. सप्टेंबर 2025 मध्ये बातम्या आल्या की कर्जावर घेतलेल्या फोनचा हप्ता चुकला तर कर्ज देणाऱ्याला तो दुरूनच बंद करू द्यावा का, याचा विचार रिझर्व्ह बँक करतेय. मग नोव्हेंबरच्या शेवटी दूरसंचार विभागाचा आदेश आला, व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल अशा ॲपना सांगितलं की ज्या नंबरवर खातं आहे ते सिम त्याच फोनमध्ये चालू असेल तरच ॲप चाललं पाहिजे आणि कॉम्प्युटरवरचं लॉगिन दर सहा तासांनी आपोआप बंद झालं पाहिजे. याला सगळे सिम बाइंडिंग म्हणतात. भावाला दोन्ही गोष्टी पटतात. मला मात्र दोन्हींची भीती वाटते, आणि त्याचं कारण त्याच्याच दुकानात घडलंय.

मी 2014 ला टोरंटोला आलो, हातात पैसे नव्हते, त्यामुळे सगळे घेतात तसा दोन वर्षांच्या करारावर एका कंपनीकडून फोन घेतला. तो लॉक आहे म्हणजे काय हे तेव्हा मला कळलंच नव्हतं, कारण भारतात मी असा फोन बघितला नव्हता, दुकानातून घेतला, कुठलंही सिम टाकलं की चालू. ऑक्टोबर 2016 मध्ये बाबांना अचानक साताऱ्यात ॲडमिट केलं आणि मी मिळेल त्या विमानाने आलो. आतेभावाने सिम काढून दिलं, फोनमध्ये टाकलं, आणि स्क्रीनवर आलं की हे सिम चालणार नाही. त्याने दोनदा काढून पुसून टाकलं, दुसरं टाकून बघितलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, हा लॉक आहे, तिकडच्या कंपनीशिवाय नाही उघडणार." त्यावेळी कॅनडात मध्यरात्र होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावाच्या दुकानातून कंपनीला फोन लावला, पाऊण तास होल्डवर थांबलो, तेव्हा त्यांनी सांगितलं की पन्नास डॉलर भरा, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक द्या आणि कोडची वाट बघा. कोड यायला तीन दिवस गेले. ते तीन दिवस मी बाबांचा जुना बटणांचा फोन खिशात घेऊन हॉस्पिटलच्या पायऱ्या चढत उतरत होतो, नंबर कुणाकडे नाही, रिपोर्टचे फोटो पाठवता येत नाहीत, बहिणीला नाशिकहून निघू का विचारायचं होतं तर तिला मी सापडेना. बाबा बरे झाले, पण पूर्ण पैसे भरलेली आपली वस्तू आपल्या हातात असून आपली नाही हे तेव्हा जे जाणवलं ते अजून गेलेलं नाही.

आणि हे कुलूप म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे, फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नोंद असते की अमुक कंपनीचंच सिम घ्यायचं. तुम्ही *#06# दाबलं की जो पंधरा आकडी आयएमईआय दिसतो त्याच्याशी जोडलेला एक कोड कंपनीकडे असतो, तो टाकला की नोंद पुसली जाते. म्हणजे देणाऱ्याला जवळपास काहीच खर्च नाही, आणि एकट्या 2016 मध्ये कॅनडातल्या कंपन्यांनी या कुलूप काढण्याच्या फीमधून 3 कोटी 77 लाख डॉलर गोळा केले. हा आकडा बाहेर आला तेव्हा लोक खरंच भडकले. फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इथल्या नियामकाकडे, म्हणजे आपल्याकडे जशी ट्राय तशी इथे सीआरटीसी, ग्राहकांनी आपापल्या तक्रारी मांडल्या, आणि 1 डिसेंबर 2017 पासून नियम झाला की नवा फोन विकायचा तर अनलॉक करूनच विकायचा आणि जुना कुणी आणला तर फुकट उघडून द्यायचा. कंपन्या म्हणत होत्या की चोऱ्या वाढतील, लोक हप्ते बुडवून पळतील. पण धंदा बंद पडला नाही, अजूनही त्या हप्त्यावर फोन देतातच. ब्रिटन आणि जपानमध्ये 2021 ला लॉक करून विकणं बंद झालं. अमेरिकेत मात्र 2014 च्या कायद्याने ग्राहकाला फोन उघडून घ्यायचा हक्क मिळाला, पण लॉक करून विकणं चालूच राहिलं.

नियम झाल्यावर काय बदललं ते मी 8 जुलै 2022 ला बघितलं. त्या दिवशी इथल्या तीन मोठ्या कंपन्यांपैकी एकीचं नेटवर्क सकाळपासून देशभर बसलं, मोबाईल गेले, घरचं इंटरनेट गेलं, दुकानात डेबिट कार्ड चालेनात आणि कित्येक लोकांना 911 या आणीबाणीच्या नंबरलासुद्धा फोन लागेना. आमच्या शेजारी एक पंजाबी काकू एकट्या राहतात, त्यांची मुलगी व्हँकुव्हरला, त्या घाबरून आमच्या दारात आल्या. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून रोख पैसे देऊन दुसऱ्या कंपनीचं प्रीपेड सिम आणलं, इथे त्याला ओळखपत्र लागत नाही, त्यांच्या फोनमध्ये टाकलं आणि दहा मिनिटात त्या मुलीशी बोलल्या. पाच वर्षं आधी तेच सिम त्या फोनने घेतलंच नसतं. अनलॉक फोन म्हणजे परदेशवारी करणाऱ्यांची चैन असं समजणाऱ्यांनी हा दिवस आठवावा.

आता हेही सांगायला हवं की अनलॉक म्हणजे सगळीकडे सगळं चालेल असं नाही. कुलूप गेलं तरी रेडिओचे बँड, म्हणजे फोन ज्या लहरींवर चालतो त्या, तेच राहतात. जुन्या टूजी फोनच्या काळात भारतात 900 आणि 1800 मेगाहर्ट्झ आणि इकडे 850 आणि 1900, त्यामुळे कितीतरी लोकांनी हौसेने आणलेले फोन इकडे मुके झाले. 2022 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं तेव्हा नवीच अडचण आली, फोरजीवरून आवाज जायला व्हीओएलटीई नावाचं तंत्र लागतं, आणि फोन उघडा असला, त्याच्यात ते असलं तरी कंपनीच्या यादीत त्याचं मॉडेल नसेल तर कॉल लागत नाही. आणि अमेरिकेतून आयफोन मागवणाऱ्यांसाठी खास, 2022 च्या आयफोन 14 पासून तिकडच्या मॉडेलला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम. आमच्या एका भाच्यासाठी न्यू जर्सीहून असा फोन आला, वर तो हप्त्यावर घेतलेला म्हणून लॉक, म्हणजे सिम आत जात नाही आणि ई-सिम घेत नाही. पोराने सहा महिने तो कपाटात ठेवला. त्यामुळे कुणी फोन मागितला की मी आधी दोन प्रश्न विचारतो, पूर्ण पैसे भरलेला आहे ना आणि ट्रे आहे ना.

भारतात आपल्याला हे भोगावं लागलं नाही याची किंमत आपल्याला कळत नाही असं मला मनापासून वाटतं. सीडीएमएच्या फोनचा काळ सोडला, ज्यात सिमच नसायचं आणि नंबर फोनमध्येच भरलेला असायचा, तर आपला फोन बहुतेक वेळा आपलाच राहिला. पैसे रोख द्या, फोन घ्या, मग एअरटेल टाका नाहीतर बीएसएनएल टाका, डोंगरात एकाची रेंज नाही तर दुसऱ्याचं सिम दुसऱ्या खणात, कासला जाणाऱ्या कुणालाही विचारा. 20 जानेवारी 2011 ला नंबर पोर्टेबिलिटी देशभर आली आणि जुलै 2015 पासून साताऱ्याचा नंबर तसाच ठेवून चेन्नईतल्या कंपनीकडे जाता येऊ लागलं. आणि दर? इथले लोक महिन्याला जे भरतात ते ऐकून आई अजून डोक्याला हात लावते. म्हणजे या बाबतीत आपण पुढे होतो, आणि कॅनडा ज्या खड्ड्यातून धडपडत वर आला त्याच्याकडे आपण आता पाठ करून मागे मागे चाललोय, हे मला खुपतंय.

पण भावाचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही, कारण तो रोज गल्ल्यावर बसतो, मी नाही. तो म्हणतो, दादा, पगाराची स्लिप नसलेला माणूस येतो, रिक्षावाला, ऊसतोडीला जाणारा, पोराच्या अभ्यासाला फोन पाहिजे म्हणतो, फायनान्सवाला नाही म्हणतो कारण बुडाले तर वसूल कसे करणार, लॉक करायची सोय असेल तर त्याला कर्ज मिळतं. यात तथ्य आहे. वसुलीवाले दारात येऊन चारचौघात अपमान करतात त्यापेक्षा स्क्रीनवर सूचना आलेली बरी असंही तो म्हणाला, त्यावर मी गप्प झालो.

तरी मला वाटतं की त्याने दोन वेगळ्या कुलपांची गल्लत केलीय. माझ्या 2014 च्या फोनला कुलूप होतं तरी तो त्या कंपनीवर चालत होता, घरात वायफायवर चालत होता, सगळं होतं, फक्त दुसरं सिम नको म्हणायचा. आज इथे हप्ता थकला तर कंपनी सेवा तोडते, खातं वसुलीला जातं, क्रेडिट स्कोअर पडतो आणि त्याचा त्रास पुढे कित्येक वर्षं होतो, पण वायफायवर माझा फोन चालूच राहतो. भावाच्या म्हणण्यातलं कुलूप अख्खा फोनच बंद करणारं आहे. आणि भारतात फोन बंद म्हणजे नुसता फोन बंद नाही, यूपीआय बंद, बँकेचा ओटीपी बंद, सिलिंडर आला की सांगायचा कोड बंद, रिक्षावाल्याची ऑनलाइन भाडी बंद. ज्याने हप्ता फेडायचा त्याची कमाईच त्या फोनवर असेल तर तो फेडणार कशातून? कॅनडात फोन बिघडला तर मी कार्ड घेऊन बाहेर पडतो, आठवडा निघतो. साताऱ्यात आतेभावाचाच फोन एक दिवस बंद ठेवून बघावा, दुपारपर्यंत दुकान अडेल. कर्ज वसूल करायला सिबिल आहे, कोर्ट आहे, तेही हळू चालतं हे मान्य, पण म्हणून माणसाचं बोलणं थांबवायचं बटण कर्ज देणाऱ्याच्या हातात द्यायचं हे मला कधीच पटणार नाही.

सिम बाइंडिंगचं थोडं अवघड आहे. गेल्या वर्षी बाबांना व्हिडिओ कॉल आला होता, पोलिसाच्या ड्रेसमधला माणूस, तुमच्या नावाने पार्सल पकडलंय, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, फोन ठेवायचा नाही. नंबर +91 चाच होता. आई दूध घेऊन घरात आली म्हणून वाचलो, तिने सरळ फोन हिसकावून बंद केला. त्यामुळे सरकार म्हणतं की सिम काढून टाकलं तरी ॲप चालू राहतं आणि परदेशात बसलेले टोळीवाले भारतीय नंबर वापरून लुटतात, तेव्हा ते मला खोटं वाटत नाही. बँकेच्या व्यवहाराला हे बंधन असावंच, यूपीआय चालू करताना त्याच सिमवरून मेसेज जातो तो म्हणूनच.

पण मेसेज पाठवायच्या ॲपला तेच बंधन लावलं तर पहिला फटका टोळीवाल्यांना बसेल की माझ्या आईला? टोळीवाले भाड्याने घेतलेली सिमं फोनमध्ये घालून ठेवतील, त्यांचा तो धंदाच आहे. आई इकडे सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना मिळणाऱ्या लांब मुदतीच्या व्हिसावर, सहा सहा महिने येते, तिच्या साध्या फोनमध्ये एकच सिम, इथलं टाकलं की साताऱ्याचं निघतं, आणि तिचं सगळं जग, भिशीच्या बायका, मावशा, भजनी मंडळ, त्या साताऱ्याच्या नंबरवर आहे. दर दोन महिन्यांनी ओटीपी मागा, परदेशात दिसलं तर समोरच्याला तसं दाखवा, असे मार्ग आहेत ना. जानेवारी 2023 मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने कॅनडा, अमेरिका, सिंगापूर, यूएई धरून दहा देशांतल्या नंबरवर एनआरआय खात्यांना यूपीआय वापरायची परवानगी दिली, म्हणजे पैशाच्या बाबतीत जर परक्या नंबरवर विश्वास ठेवता येतो तर आईच्या भजनी मंडळाला काय हरकत आहे.

माझं स्वतःचं म्हणाल तर फोनमध्ये कॅनडाचं ई-सिम आहे आणि ट्रेमध्ये साताऱ्याचं. ते जिवंत ठेवायला आतेभाऊ तिकडून रिचार्ज मारतो, डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्यायला लावले, मुदतही वर्षापर्यंत वाढवली, तेव्हापासून जरा सोपं झालंय. रोमिंगवर येणारा ओटीपी फुकट असतो, आपल्याकडे सकाळी साडेदहाला बँक उघडली की माझा फोन मध्यरात्री वाजतो, ते मी स्वीकारलंय.

आई मे महिन्यात येतेय. भावाला सांगितलंय की तिच्यासाठी दोन सिमचा फोन काढून ठेव, रोख पैसे मी पाठवतो, हप्त्यावर नको. साताऱ्याचं सिम पहिल्या खणात घाल आणि ते कुणाला काढू देऊ नको.