म्हणे, बाळ झोपलं की लिही!

"बाळ झोपलं की लिही" असं यापुढं जो कुणी सांगेल, त्याच्या मांडीवर पोरगी ठेवून मी सरळ रंकाळा तलावावर निघून जाणार आहे. आधीच सांगून ठेवते.

झोपते की. नवजात बाळ दिवसाला 14 ते 17 तास झोपतं, खरं आहे. पण कसं? वीस मिनिटं, पाऊण तास, कधी नुसतं मांडीवरून खाली ठेवेपर्यंत. अंगावर पाजायचं 24 तासांत 8 ते 12 वेळा. दर वेळी अर्धा तास धरा, मग ढेकर, मग लंगोट, की आली पुढची वेळ. उरलेल्यात मी जेवू, अंघोळ करू, का कथेतल्या त्या म्हाताऱ्याला एकदाचं मारू? बिचारा कधीपासून खाटेवर पडून आहे. "त्यानं डोळे" इथवर वाक्य आलंय. उघडले का मिटले, ते आता मलाच आठवत नाही. कथेत शिरायलाच अर्धा तास जातो, आणि पात्रं जरा बोलायला लागली की आतून टाहो.

त्यात पाहुणे! पोरगीचा डोळा लागायला आणि बेल वाजायला एकच गाठ. "दूध पुरतंय काय ग?" "गुटी चालू केलीस का न्हाई?" सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय म्हटलं, की "आमी काय पोरं वाढवली न्हाईत?" मग कुणाला तरी कोपऱ्यातला लॅपटॉप दिसतो. "अजून लिवतीस? पोरगी मोठी झाली की लिव की. लिवायला काय लागतंय?"

लिवायला काय लागतंय! दिवाळी अंकाची कथा भर पावसाळ्यात द्यावी लागते. 1909 साली मराठीत पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून एकाही संपादकानं कुणाच्या पोरीनं मान धरेस्तोवर दिवाळी पुढं ढकललेली नाही. नोकरी असती तर कायद्यानं बाळंतपणाची 26 आठवडे पगारी रजा मिळाली असती, आणि "बाळ झोपलं की ऑफिसला जाऊन ये" असं म्हणायची कुणाची छाती झाली नसती. कथा लिहिणारीला रजाही नाही, आणि लोकांच्या लेखी तिला कामही नाही. (मानधनाचा आकडा मी सासरी सांगत नाही, तेवढं पुरे.)

नवरा वाईट नाही, पण त्याचं सगळं लक्ष पंचगंगेच्या पुराकडं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 वर धोका. तासातासाला मोबाईल बघून मोठ्यानं वाचून दाखवतो. घरभर दोऱ्या, दुपटी वाळेनात, सगळीकडं कुबट वास, आणि बायको कितीवर आलीय ते मोजायला कुठलाच बंधारा नाही. "मी मदत करतोय की" म्हणतो. मदत! शेजाऱ्याची पोरगी सांभाळतोय जसा काही. घेतो, गॅलरीत दोन फेऱ्या मारतो आणि परत आणून देतो, "भूक लागली वाटतं." अरे, आत्ताच पाजलंय!

वि. स. खांडेकरांचं गाव म्हणून इथं कोल्हापुरात भाषणं होतात, इथल्या मातीत साहित्य आहे म्हणे. असेल. पुरुष लिहायला बसला की अख्खं घर कुजबुजत बोलतं. बाई बसली की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या त्याही तिनंच.

तर आता ऐका. संध्याकाळी पाच ते सहा पोरगी तुमची. रडली तर खांद्यावर घ्या, मानेखाली हात ठेवा, गाणं म्हणा, पंचगंगेची पातळी वाचून दाखवा, काय वाट्टेल ते करा. पाहुण्यांना चहा तुम्हीच टाका, साखर डब्यात आहे. माझ्या खोलीचं दार वाजवायचं नाही. "तुला चहा पाहिजे काय" विचारायलासुद्धा नाही.