मध्यमपदलोपी कादंबरी

माधव गेले सात महिने दाराच्या कडीवर हात ठेवून उभा आहे.

माधव म्हणजे माझ्या कादंबरीचा नायक. पान ११२, शेवटची ओळ: 'त्याने कडीवर हात ठेवला.' पुढे कोरं. ही ओळ लिहिली त्या रात्री मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. वाचकाचा श्वास अडकेल अशा जागी प्रकरण तोडावं, असं कुठेतरी वाचलं होतं. वाचकाचं माहीत नाही, माझा अडकला.

खरं तर एवढ्यात कुणाला सांगायलाच नको होतं. पण पहिली ११२ पानं सहा आठवड्यांत झाली होती, आणि माझ्यासारखा आरंभशूर सहा आठवडे एका कामाला चिकटला की ती बातमी घरात राहत नाही. आता जो भेटेल तो विचारतो, "काय, कुठवर आली कादंबरी?" मी म्हणतो, "मध्यावर." सुरुवातीला या उत्तराने माना आदराने हलायच्या. आता आजाऱ्याची चौकशी केल्यासारखा आवाज लावतात.

सुरुवात लिहिण्यासारखं दुसरं सुख नाही, हे मात्र मान्य करायला हवं. मागचं काही निस्तरायचं नसतं. उधारीवर माल आणावा तशा गोष्टी आणून मांडायच्या. मी मांडल्या. पान ९ वर कुलूपबंद ट्रंक. पान १७ वर न फोडलेलं पाकीट. पान २२ वर माधवचे वडील, अण्णा, यांचं लंगडणं, 'त्यामागे एक कहाणी होती' या वाक्यासकट. पान ३१ वर वहिनीला आठवा महिना. पान ४० वर मोती नावाचा कुत्रा, कारण त्या सकाळी माझ्या खिडकीखाली एक भुंकत होता आणि मला ते शुभलक्षण वाटलं. दादाला, म्हणजे माधवच्या भावाला, पान १२ वरच परगावी नोकरीला धाडून दिलं, कारण त्याच्या तोंडी घालायला मला वाक्यं सुचेनात.

शेवट तर न मागता आला. एका रात्री अंगात कणकण होती, झोप येत नव्हती, उठलो आणि पहाटेपर्यंत चौदा पानं लिहून काढली. वर्षभराने माधव घरी परततो. दाढी वाढलेली. 'घरात नीरव शांतता होती.' तो अण्णांच्या पायाशी बसतो आणि म्हणतो, 'मला सगळं कळलं, अण्णा.' अण्णा काही न बोलता त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. समाप्त.

लिहिताना मी रडलो. आवाजाने बायको उठून आली, तिने उभ्याउभ्या वाचलं, तीही रडली. मग नाक पुसत म्हणाली, "पण सगळं म्हणजे काय कळलं रे त्याला?"

"ते मधल्या भागात येईल," मी म्हणालो.

लोकांच्या कादंबऱ्यांना शेंडा ना बुडखा असतो. माझ्या कादंबरीला शेंडा आहे, बुडखाही आहे, फक्त खोड नाही. ३४० पानांचा अंदाज धरला तर सुरुवातीची ११२ आणि शेवटची १४ झाली, उरली २१४. या २१४ पानांत ट्रंक उघडायची, पाकीट फोडायचं, अण्णा का लंगडतात ते सांगायचं, माधवची दाढी वाढवायची आणि त्याला 'सगळं' कळवायचं. ते 'सगळं' नेमकं काय, हे मला आजही ठाऊक नाही. अण्णांना असावं. पण ते शेवटच्या प्रकरणात काही न बोलता हात ठेवतात, हे मीच लिहून बसलोय.

व्याकरणात यावर सोय आहे. शाळेत शिकलेला मध्यमपदलोपी समास. 'बालमित्र' म्हटलं की 'बालपणापासूनचा' हे सगळं गाळलं तरी कुणाचं काही अडत नाही. मग कादंबरीही मध्यमपदलोपी का असू नये? मी पान ११२ ला थेट शेवटचं प्रकरण जोडून बायकोला वाचायला दिलं. माधवने कडीवर हात ठेवला आणि पुढच्याच ओळीत तो दाढी वाढवून बाहेरून आत आला.

"हा दारात उभा राहून राहून दाढी वाढली का?" तिने विचारलं.

म्हटलं, थोरामोठ्यांना विचारावं. ॲरिस्टॉटल म्हणतो, मध्य म्हणजे ज्याच्या आधी काहीतरी असतं आणि ज्याच्यानंतरही काहीतरी असतं. हे मी तीन वेळा वाचलं. या व्याख्येत रांगेत उभा राहिलेला मीसुद्धा बसतो.

भरतमुनींकडे जास्त माल निघाला. नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी, म्हणजे टप्पे, सांगितलेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. म्हणजे पाचातला अगदी मधला तो गर्भ. त्यात म्हणे बीज सापडतं, हरवतं आणि पुन्हा शोधावं लागतं. माझ्या टिपणवहीचं नेमकं हेच चाललेलं असल्यामुळे मला फार धीर आला. शिवाय 'बिंदू' नावाचा एक प्रकार आहे. कथा आडवाटेला लागून धागा तुटायला आला की त्याला पुन्हा जोडतो तो बिंदू. टीकाकाराने दाखला दिलाय पाण्यावर पसरणाऱ्या तेलाच्या थेंबाचा. थेंबभर तेल पडावं आणि ते सगळ्या कथेवर पसरावं. सुरेखच आहे कल्पना. पण मी नमनालाच घडाभर तेल ओतून मोकळा झालेलो. आता थेंबाला महाग.

आणि गर्भ हा शब्द मी जरा जास्तच शब्दशः घेतला होता, हे वहिनीकडे बघून लक्षात आलं. पान ३१ वर आठवा. शेवटचं प्रकरण त्यानंतर वर्षाने. म्हणजे 'घरात नीरव शांतता होती' हे वाक्य मी जवळजवळ वर्षाच्या मुलासमोर लिहिलंय.

पण आधी दार. पहिल्या प्रयत्नात मी सरळ लिहिलं, 'त्याने कडी काढली आणि तो बाहेर पडला.' वाचून बघितलं तर बाहेर काही नव्हतं. अक्षरशः काही नव्हतं. अंगण नाही, रस्ता नाही, ऊन-पाऊस नाही. १११ पानं मी सगळ्यांना घरात कोंबून ठेवलं होतं आणि भिंतीपलीकडे फक्त कोरा कागद. पोरगा पडला असता. मी त्याला घाईघाईने आत घेतलं.

दुसऱ्या प्रयत्नात त्याने कडी काढली, पण तो थबकला. माझ्या मधल्या भागातली माणसं फार थबकतात. थबकतात, सुस्कारतात, खिडकीबाहेर बघतात. एका आठवड्याच्या मजकुरात मी मोजलं: माधव चौदा वेळा थबकला आणि अण्णा नऊ वेळा खाकरले. एवढं खाकरल्यावर खऱ्या माणसाला डॉक्टरकडे नेलं असतं.

तिसऱ्या प्रयत्नात थबकण्याला कारण हवं म्हणून आठवण घातली. आठवणीत बालपण आलं. बालपणात तेच घर, तेच दार, आणि छोट्या माधवचा हात कडीपर्यंत पुरत नाही म्हणून तो टाचा उंचावून उभा. चार पानं झकास झाली. झाल्यावर कळलं की आता माझ्याकडे दोन माधव झालेत आणि दोघेही दाराशी अडकलेत.

मग मला शंका आली की दोष माधवचा नसून दाराचा असावा. तीन दिवस मी दाराचा अभ्यास केला. अडकते ती कडी, आणि ती ज्याच्यात अडकते तो कोयंडा, हे पक्कं करून घेतलं. खिट्टी वेगळी, अडसर वेगळा. एवढं ज्ञान झाल्यावर मागे जाऊन पाहिलं, तर पान १४ वर मी याच दाराला अडसर लावून ठेवलेला. तो कुणी काढल्याचा उल्लेख नाही. म्हणजे कडी काढूनही माधव बाहेर पडू शकला नसता. लेखक म्हणून मला तेव्हा किती समाधान वाटलं, काय सांगू! सात महिन्यांच्या खोळंब्याला एकदाचं सबळ कारण मिळालं.

मला एक कादंबरीकार मित्र आहे. तीन छापून झाल्यात. तो म्हणाला, "मध्ये गाडं रुतलं ना, की सरळ एखादा खून घाल." रेमंड चँडलर हा रहस्यकथांचा बादशहा. त्यानेही असंच लिहून ठेवलंय: सुचेनासं झालं की हातात पिस्तूल घेतलेला माणूस दारातून आत आणावा. तो हे स्वस्त मासिकांसाठी लिहायच्या दिवसांबद्दल अर्धं थट्टेत म्हणत होता, पण गरजवंताला थट्टा कळत नाही. मी आणला पिस्तूलवाला. तो आला, दार ढकललं, आणि आतून कडीवर हात ठेवून माधव उभा. शिवाय अडसर. पिस्तूलवाल्याने दोनदा हाक मारली आणि वाट बघून तो निघून गेला. या कादंबरीत पान ११२ नंतर काही करून दाखवलेला तो एकमेव माणूस. मला त्याच्याबद्दल आजही आदर आहे.

मग शिस्त. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा आणि पहाटे उठून, समोर घड्याळ ठेवून, दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द या हिशेबाने लिहायचा. हे त्याच्या आत्मचरित्रात आहे. ते १८८३ साली, तो वारल्यावर छापलं गेलं, त्यामुळे त्याला गाठून जाब विचारायची सोय नाही. मीही घड्याळ मांडलं. पंधरा मिनिटांत खरोखरच अडीचशे शब्द झाले. सगळे घड्याळाबद्दल होते. माधवच्या घरात आता भिंतीवर एक लंबकाचं घड्याळ आहे, त्याची काच तडकलेली आहे, आणि ती कशी तडकली त्यामागेही एक कहाणी आहे.

शेवटी मी वेळ पुढे ढकलायचं ठरवलं. वर्ष तर जायचंच आहे, ते एका फटक्यात घालवावं. नव्या परिच्छेदावर लिहिलं: 'असेच दिवस गेले.'

बायकोने वाचलं. "आता आणखी कुणाला?"

ते वाक्य खोडलं.

त्याच सुमारास रशियन लेखक चेखॉव्हचं एक पत्र वाचनात आलं. १८८८ साली त्याने आपल्या प्रकाशक-स्नेह्याला लिहिलंय की माझी सुरुवात मोठी कादंबरी काढल्यासारखी आशादायक होते, मधला भाग चुरगळलेला आणि भेदरलेला असतो, आणि शेवट आतषबाजीसारखा. मी ताडकन उठून उभा राहिलो. चेखॉव्ह! म्हणजे दुखणं खानदानी आहे! पत्र बायकोला वाचून दाखवलं.

"मग त्याने काय केलं?" ती म्हणाली.

त्याने कथा लिहिल्या. मी पत्र बंद करून ठेवलं.

हे सगळं चालू असताना मोतीची आठवण मला एकदाही झाली नाही, हे लिहायला लाज वाटते. पान ४० वर तो आला, शेपूट हलवून माधवच्या पायाशी बसला, आणि तेव्हापासून मी त्याला उठवलंच नाही. बहात्तर पानं कुत्रा जागेवर. शेवटच्या प्रकरणात तर तो नाहीच. मित्र म्हणाला, सोपं आहे, मधल्या भागात मार, करुणरसही साधेल. बायको म्हणाली, "कुत्र्याला हात लावलास तर मी पुढे एक ओळ वाचणार नाही." माझी आजवरची एकूण वाचकसंख्या पाहता ही धमकी सौम्य नव्हती.

परवा रात्री तीच म्हणाली, "अरे, दार उघडंच होतं असं का नाही लिहीत?"

मी म्हणालो, "अगं, सात महिने त्या कडीवर—"

"वाचकाला कुठे माहितीये सात महिने?"

याला उत्तर नव्हतं. मी पान ११२ उघडलं आणि 'त्याने कडीवर हात ठेवला' ही ओळ खोडली. सात महिन्यांत या कादंबरीत झालेली ही पहिली घटना. पान १४ वरचा अडसरही काढला. छोट्या माधवची चार पानं वेगळ्या वहीत ठेवली, ती मात्र टाकवत नाहीत. मग लिहिलं: 'दार उघडंच होतं.' आणि आता कोण कुठे जातं ते बघत बसलो.

माधव थबकला. सवयच पडलीय त्याला. पण त्याच्या पायाशी बहात्तर पानं बसून अंग आंबलेला मोती उठला, एकदा अंग झाडलं आणि उघड्या दारातून जो सुसाट सुटला, तो थेट बाहेरच. बाहेर काही नव्हतं, पण तो पळायला लागल्यावर असावंच लागलं. आधी अंगण, मग कुंपणातलं भगदाड, मग चिखल, कारण मोतीचे पाय माखलेले दिसले मला. माधव ओरडला, 'मोत्या!' आणि अनवाणी त्याच्या मागे धावला. थबकायला वेळच नव्हता. मीही धावत होतो.

सध्या पान १३१. दोघे अजून पळतायत. कुठे, ते मोतीला माहीत. वाटेत पिस्तूलवालाही दिसला, पण घाईत बोलणं झालं नाही. दाढी दोन दिवसांची झालीय. शेवटच्या प्रकरणातलं 'सगळं' खोडून मी तूर्त 'थोडंफार' करून ठेवलंय.

काल मोठ्या ऐटीत ही एकोणीस पानं बायकोपुढे ठेवली. तिने एका बैठकीत वाचली. एकदा हसली, एकदा पान उलटून मागे जाऊन आली. मी समोर उभा. वाचून झाल्यावर तिने कागद नीट जुळवले आणि म्हणाली, "छान पळतायत. पण दादा परगावी, हा कुत्र्यामागे, अण्णांना धड चालता येत नाही, आणि वहिनीला नववा संपत आला असेल. मग तिच्याजवळ कोण आहे?"