रविवारी आवक होत नाही

आमच्या महाविद्यालयाचा जुना मेल सर्व्हर यूपीएसला सोबत घेऊन बसला. नवा आला, चालूही झाला. पण आधीची पत्रं जुन्या डिस्कवर अडकली होती. माणशी एक फाइल, आणि तिच्यात सगळी पत्रं एकाखाली एक चिकटवलेली. ती सुटी करून ज्याची त्याच्या नव्या खात्यात टाकायची, एवढंच काम. एवढंच असल्यामुळे ते रविवारी करायचं ठरलं, आणि करायचं मी.

काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, एंटर मारायचं, चहा प्यायचा, घरी जायचं, असा बेत होता. पण भाऊसाहेब आले. भाऊसाहेब म्हणजे आमचे हेडक्लार्क. खिशाला दोन पेनं, निळं नोंदीसाठी आणि लाल दुसऱ्याच्या नोंदीसाठी. काखेत आवक नोंदवही. खुर्ची ओढून ते माझ्या मागे असे बसले की त्यांचा श्वास माझ्या मानेला लागावा.

"टपाल वाटताय म्हणे?"

"हो. जुनी पत्रं खात्यात टाकतोय."

"आवक क्रमांक?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. पहिलं पत्र हाताने टाकून बघायचं होतं, म्हणून त्यांच्याच नावाचं निवडलं. डव्हकॉट-एलडीए, म्हणजे पत्र खात्यात टाकणारा प्रोग्राम, वजा डी, भाऊसाहेबांचं खातं, आणि पत्राची फाइल. एंटर. पडदा गप्प. खाली नवी ओळ, तिच्यावर लुकलुकणारा ठोकळा.

"काही म्हणालंच नाही ते," भाऊसाहेब म्हणाले.

काम झालं की ही मंडळी बोलत नाहीत, बिघडलं तरच बोलतात, हे मी समजावलं. हा युनिक्स या संगणक प्रणालीचा जुना रिवाज आहे. भाऊसाहेबांनी तो फेटाळला. त्यांच्या मते जो पोच देत नाही त्याने पत्र दिलेलंच नाही. म्हणून मागच्या आज्ञेचा निकाल आकड्यात विचारून मी पोच काढून दाखवली: एको, डॉलर, प्रश्नचिन्ह.

"डॉलर कशाला? हे कुठल्या हेडला टाकायचं?"

"पैसे नाहीत हो. खूण आहे ती."

"आणि प्रश्नचिन्ह? म्हणजे तुमची तुम्हालाच खात्री नाही."

उत्तर आलं: 0.

भाऊसाहेब मागे रेलले. "बघा. शून्य. एकही गेलं नाही."

"भाऊसाहेब, शून्य म्हणजे यश."

असं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून खुपते. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला शून्य म्हणजे यश हे सांगणारा मी कोण? मग आकडेच समजावून सांगावे लागले. 0 म्हणजे पत्र पोचलं. 67 म्हणजे या नावाचा इसम इथे नाही. 77 म्हणजे परवानगी नाही. 75 म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर या.

75 त्यांना एकदम पटला. "हा आकडा चांगला आहे," म्हणाले, आणि वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला निळ्या पेनाने टिपून घेतला.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण त्या दिवशी सगळा वेळ विषयांतरातच गेला. 1971 साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिली ई-मेल पाठवली, तेव्हा ती दोन यंत्रं एकाच खोलीत शेजारी शेजारी उभी होती. टपालपेटी म्हणजे तेव्हा नुसती एक फाइल. इतरांना तिच्या शेवटी मजकूर जोडता यायचा, पण आतलं वाचता यायचं नाही. आमच्या ऑफिसात आजही लेखा विभागाच्या टेबलावरून आस्थापनेच्या टेबलावर, म्हणजे हात लांबवला तर पोचेल एवढ्या अंतरावर, कागद जावक वहीतून निघतो, शिपाई मामांच्या हाती व्हरांड्याला वळसा घालतो आणि आवक वहीतून आत येतो. टॉमलिन्सन यांच्या खोलीत आमचे भाऊसाहेब असते तर ती ई-मेल अजून मामांच्या हातात असती.

तर पत्र गेलं कुठे, ते दाखवा, असा हुकूम झाला. खात्याचा फोल्डर उघडला. त्यात तीन कप्पे: टेंप, न्यू आणि कर. पत्र आधी टेंपमध्ये पूर्ण लिहिलं जातं, मग न्यूमध्ये सरकतं, आणि वाचणाऱ्याच्या प्रोग्रामने त्याची दखल घेतली की करमध्ये जातं. अर्धवट लिहिलेलं पत्र कोणाच्या हाती पडू नये, म्हणून ही सोय.

"टेंपररीत किती दिवस ठेवतात?"

"दिवस नाही, डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे जातं."

भाऊसाहेब हसले. मला हसू आलं नाही. मी या महाविद्यालयात 11 महिन्यांच्या ऑर्डरवर आहे. ऑर्डर संपते, एक खंड पडतो, नवी ऑर्डर निघते, पुन्हा 11 महिने. खंडाच्या दिवसांतही सर्व्हर बंद पडला की फोन मलाच येतो. कोण कुठली सवलतीच्या गाद्यांची जाहिरात टेंपमधून कायम होते आणि मी तिला कायम करत बसतो. हे मी तिथे बोललो नाही. बोलून कोणाला सांगणार, ऑर्डर टाइप करणारे तर मागेच बसले होते.

मग त्यांनी पत्रावरच्या तारखा वाचल्या, आणि खरं संकट सुरू झालं. पत्र विद्यापीठाचं, लिहिलेलं 3 तारखेला. आमच्याकडे पोचल्याची वेळ मात्र आत्ताची, कारण एलडीए ज्या क्षणी पत्र आत टाकतं तीच आवक वेळ धरतं.

"आज रविवार आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"बरं मग?"

"रविवारी आवक होत नाही. म्हणजे हे पत्र आलेलं नाही."

पत्र त्यांच्या समोर होतं. ते त्यांनी मोठ्याने वाचूनही दाखवलं. तरी ते आलेलं नव्हतं. मी म्हटलं, दुसरी आज्ञा आहे, डव्हॅडम इम्पोर्ट. तिने जुनी आवक तारीख तशीच राहते. भाऊसाहेबांनी वही छातीशी धरली.

"मागच्या तारखेने आवक? सर, माझी पेन्शन घालवता का?"

आजच्या तारखेने चालत नाही, मागच्या तारखेने चालत नाही. पुढच्या तारखेची सोय अजून कोणी लिहिलेली नाही. शेवटी मीच निर्णय घेतला. उरलेल्या फाइली फॉर्मेल नावाच्या प्रोग्रामला दिल्या. तो एकेक पत्र सुटं करून एलडीएच्या हाती देत गेला, आणि सगळी पत्रं आजच्याच तारखेने आत गेली. भाऊसाहेबांनी सोमवारच्या पानावर एकच नोंद केली: "ई-मेल, एक गठ्ठा, हस्ते संगणक." खाली माझी सही घेतली, 'पोचवणार' या रकान्यात.

आभार वगैरे कोणी मानले नाहीत. सोमवारी दोन प्राध्यापक भांडायला आले, कारण त्यांच्या फोनवर यादी लिहिल्या तारखेप्रमाणे लागते. पत्रं खाली आपापल्या जुन्या जागी जाऊन बसलेली, आणि वर काहीच नवं नाही. खाली सरकवून बघा म्हटलं तर म्हणाले, ते आमचं काम आहे का?

रविवारच्या कामाबद्दल मी बदली रजेचा अर्ज दिला. तो परत आला. शेरा नाही, सही नाही. कोपऱ्यात लाल पेनाने नुसता आकडा, 75.

आमच्या सर्व्हरवर टपालाची ने-आण करणारं पोस्टफिक्स आहे. 75 आला की ते पत्र रांगेत ठेवतं, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, आणि 5 दिवसांत जमलं नाही तर पाठवणाऱ्याला परत करून मोकळं होतं. मी अर्ज पुन्हा दिला आहे, आवक क्रमांक टाकून. सोमवारी.